पांढरा पट्टा आणि शेताचा धुरा

आज सकाळी नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर, नागपुरात स्थायिक झालेल्या माझ्या चुलत साळ्याने एक लांबलचक संदेश पुढे पाठवला. ‘बाहेरगावाहून येणाऱ्या वाहनचालकांसाठी सूचना’ असे त्याचे शीर्षक होते आणि शेवटची सूचना अशी होती की, बैलगाडीची सवय गावाच्या वेशीवरच सोडून यावे. खाली दहा-बारा हसणारे चेहरे. मी तेव्हा तुरीत उभा होतो. दुपारपर्यंत गप्प राहिलो, आता राहवत नाही.

बैलगाडीची सवय म्हणजे काय, हे लिहिणाऱ्याला ठाऊक नसावे. डवऱ्याला, म्हणजे कोळप्याला, जुंपलेला बैल पिकाच्या दोन ओळींमधले तास सोडत नाही, कारण सोडले तर पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, तुडवली जाते, हे तो दोन-चार फेरांत शिकतो. नागपूरच्या वर्धा रोडवर मात्र पट्टे आखलेले असूनही दोन पट्ट्यांच्या मधून चालणारे वाहन शोधावे लागते.

मागच्या महिन्यात मामाजींच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या, एका डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन नागपुरात झाले. दुसऱ्या दिवशी त्यांना गावी परत आणत होतो. एका चौकात लाल दिवा लागला, मी पांढऱ्या पट्ट्याच्या आत, डाव्या बाजूला थांबलो. दिव्यावरचा आकडा अठ्ठेचाळीस दाखवत होता. मागच्या मोटारीला डावीकडे वळायचे होते. तिने हॉर्न सुरू केला, तिच्या मागच्याने साथ दिली आणि एक दुचाकीस्वार तर माझ्या काचेवर टकटक करून, वर्धा जिल्ह्याच्या एमएच ३२ च्या पाटीकडे बोट दाखवून काहीतरी बोलून गेला. मी घाबरलो आणि गाडी चार फूट पुढे घेतली. डोळ्यावर पट्टी बांधलेले मामाजी शेजारून म्हणाले, ‘जवाईबापू, दिवा तं लालच दिसून राहिला मले, मंग गाडी काऊन हालली?’

संध्याकाळी मोबाईलवर ई-चलन आले. चलन बरोबर होते. पट्टा मीच ओलांडला होता. पण ज्यांनी तो ओलांडायला लावला, त्यांच्या हॉर्नचे छायाचित्र कोणता कॅमेरा काढणार?

म्हणून गावाकडच्या मित्रांना माझी एकच सूचना आहे, मागच्याचा हॉर्न हा नियम नव्हे. डावे वळण मोकळे असल्याचा फलक किंवा हिरवा बाण नसेल, तर डावीकडे जाणाऱ्यानेही लाल दिव्यावर थांबायचे असते. गोल चौकात शिरताना आत आधीपासून फिरत असलेल्या वाहनाला आधी जाऊ द्यायचे असते; शहरात मात्र ज्याची गाडी मोठी, तो आधी. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीने विनाकारण हॉर्न वाजवण्यालाही १००० रुपये दंड सांगितला आहे. ही सूचना त्या संदेशात नव्हती, हे वेगळे सांगायला नको.

वर्ध्याकडून येणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावे. विमानतळ ओलांडल्यावर जो दुमजली पूल लागतो, ज्याच्या डोक्यावरून मेट्रो धावते, तो थेट अजनी चौकाकडे नेतो. छत्रपती चौकात उतरायचे असेल तर पुलावर चढूच नये, आणि चुकून चढलात तर निमूटपणे अजनीपर्यंत जावे. पुलावर गाडी उलटी घेणारे महाभाग मी पाहिले आहेत आणि ते खेड्यातले नव्हते. नुसते बर्डीवर काम असेल तर गाडी खापरी मेट्रो स्थानकाजवळ ठेवून मेट्रोने सीताबर्डीला उतरणे उत्तम, कारण बर्डीत गाडी लावायला जागा शोधण्यात जो जीव जातो तो वाचतो.

आपली माणसेही काही धुतल्या तांदळासारखी नाहीत, हे कबूल. वळसा वाचवायला उलट्या दिशेने आपणही घुसतो, आणि कापूस भरून जिनिंगकडे निघालेल्या ट्रॉलीला मागे लाल दिवा तर सोडाच, साधी चमकती पट्टीही नसते. पण धुऱ्याचे, म्हणजे शेताच्या बांधाचे, तसे नाही. वीतभर धुरा कोरला म्हणून आमच्याकडे सख्खे भाऊ तहसीलच्या पायऱ्या झिजवतात, मोजणी आणतात. रेषा म्हणजे काय, हे आम्हाला शहराने शिकवावे? त्या दिवशी चौकात मी धुरा कोरला, तोही दुसऱ्याच्या ओरडण्याला भिऊन. चलनाच्या पैशांपेक्षा हेच जास्त लागले आहे.

इतके लिहून झाल्यावर आठवते की, ऑपरेशनच्या सकाळी हाच साळा ड्यूटीवर उशिरा जाणार असल्याचे कळवून खापरीपर्यंत आला होता आणि आपली दुचाकी माझ्या पुढे ठेवून दवाखान्याच्या दारापर्यंत रस्ता दाखवत गेला होता. प्रत्येक चौकात तो पट्ट्याच्या आत थांबला, आणि मागे वळून मी दिसतो की नाही ते पाहत राहिला. तो संदेश त्याने न वाचताच पुढे ढकलला असेल. संध्याकाळी फोन करतो त्याला.

पुढच्या मंगळवारी दुसऱ्या डोळ्याची तारीख आहे. पहाटे साडेपाचला निघायचे ठरले आहे. मामाजींनी पुढच्याच सीटवर बसणार म्हणून आतापासून सांगून ठेवले आहे.