गोळा आणि गोळी

पहाटे तीनला पोटरीत गोळा आल्यावर माणूस ज्या भाषेत ओरडतो ती त्याची मातृभाषा, असं माझं मत होतं. त्या रात्री मी "आई गंऽऽ" म्हणून ओरडलो आणि आमच्या बेळगावच्या शहापुरातल्या गल्लीतली तीन कुत्री जागी झाली. बायको चौथी.

"काय झालं ओ?"

सांगायला तोंड मोकळं असलं तर ना. पोटरीत लिंबाएवढा दगड उभा राहिला होता आणि कातडीखालून चक्क सरकत होता. तिनं दिवा लावला, माझा पाय सरळ केला आणि चवडा धरून गुडघ्याकडं असा रेटला की भरलेला हंडाच ढकलतेय. दोन मिनिटांनी दगड विरघळला. सकाळी मी जिना एकेक पाय टेकत, नव्या नवरीसारखा उतरलो.

आठवड्यात तीनदा झालं. आईनं उशाखाली अडकित्ता ठेवायला सांगितला. ठेवला. चौथ्या रात्री गोळा आला आणि वर कानाला अडकित्ता टोचला.

मग शेजारचे अण्णा आले. अण्णांना बोलवावं लागत नाही. "तुझ्यात मॅग्नेशियम कमी झालंय बघ," कट्ट्यावर बसत ते म्हणाले. "मी दोन महिने घेऊलालोय. काय सांगू गा, माणूस नव्यानं जन्मला!"

रात्री मोबाइलवर वाचत बसलो. वाचता वाचता माझा ऊर भरून आला. मोठ्या माणसाच्या अंगात जेमतेम पंचवीस ग्रॅम मॅग्नेशियम असतं, म्हणजे कुंद्याचा एक लहान घास. पण तीनशेहून जास्त एन्झाइमांचं त्याच्यावाचून अडतं. कॅल्शियम स्नायू आवळतं, मॅग्नेशियम तो सैल पडायला मदत करतं. काळजाचा ठोका, नसांचे निरोप, हाडांचा घट्टपणा, सगळीकडं याचा हात. थोडक्यात शरीरातले अण्णाच. कुणाचं बारसं असो नाहीतर शेताची वाटणी, हे हजर.

गणपत गल्लीतून साठ गोळ्यांची डबी आणली. मॅग्नेशियम ऑक्साइड. डबीवर लिहिलं होतं, जेवणानंतर एक. पण एवढे दिवस कमी पडलेलं भरून काढायचं तर एकानं काय होणार, हा माझा स्वतःचा हिशोब. रात्री दोन घेतल्या. सकाळी निपाणीला भाचीचा साखरपुडा होता, वाटेत गोळा नको म्हणून निघताना आणखी दोन.

काकतीपर्यंत मी खिडकीतून भाताची शेतं बघत होतो. पुढं पोटात कुणीतरी पाट सोडला. हत्तरगी यायच्या आधी माझ्या कपाळावर घाम होता आणि समोरच्या सीटचा दांडा मी दोन्ही हातांनी धरला होता. मॅग्नेशियम स्नायू सैल करतं हे वाचलं होतं. कुठले, ते नीट वाचायचं राहिलं होतं.

आमच्या घरात १९५६ पासून सीमाप्रश्न आहे. वडील मोर्च्यात गेले, मी गेलो. कंडक्टरनं कन्नडमध्ये विचारलं तरी तिकीट मराठीतच मागायचं, हा घरचा नेम. त्या घटकेला मात्र मी उभा राहिलो आणि अख्ख्या बसला ऐकू जाईल अशा अस्खलित कन्नडमध्ये ओरडलो, "गाडी निल्लिस्रीऽऽ!" पोटरीची मातृभाषा मराठी असेल. पोटाचं काही सांगता येत नाही. कंडक्टरनं माझ्या तोंडाकडं बघितलं, घंटी मारली आणि "पंपावर आहे बघा, पळा!" असं मराठीत सांगितलं. साखरपुड्याला पोचलो तेव्हा अंगठ्या घालून झाल्या होत्या. मला पंगतीत नुसतं ताक मिळालं.

दुसऱ्या दिवशी टिळकवाडीत डॉक्टरांकडं.

"डबीवर काय लिहिलं होतं?"

"रोज एक."

"आणि तुम्ही?"

मी गप्प. "अहो, मिल्क ऑफ मॅग्नेशिया आम्ही कशासाठी देतो?" ऑक्साइड अंगात थोडंच मुरतं म्हणे, उरलेलं आतड्यात बसून पाणी ओढत राहतं. "मूत्रपिंड धड आहे म्हणून निभावलं. ते बिघडलेल्या माणसानं असला उद्योग करायचाच नाही."

त्यांनी रक्त तपासायला लावलं. रिपोर्ट आला १.६; कागदावर १.७ पासून पुढं ठीक होतं. मी म्हटलं, बघा, कमीच होतं की! तर म्हणाले, जुलाबातूनही मॅग्नेशियम जातं. म्हणजे जे भरायला गेलो होतो ते पंपावर सोडून आलो होतो. वर रक्तात असतं एक टक्क्याहून कमी, बाकी हाडांत आणि स्नायूंत, त्यामुळं रिपोर्टवरून खरा साठा कळतोच असं नाही. आणि पोटरीतल्या रात्रीच्या गोळ्यांवर या गोळ्या वयस्कर माणसांना देऊन बघितल्यात, फारसा फरक पडत नाही म्हणे. एवढं ऐकल्यावर मला अडकित्त्याबद्दल पुन्हा आदर वाटायला लागला.

"दुसरी कुठली गोळी चालू आहे?"

आहे. संकेश्वरी मिरचीचं तिखट मला सुटत नाही, म्हणून चार वर्षं रोज उपाशीपोटी ॲसिडिटीची. डॉक्टरांनी चष्मा काढला. ती वर्षानुवर्षं घेतली तर काहीजणांचं मॅग्नेशियम उतरतं. "कुणी सांगितली होती?"

अण्णांनीच.

मग खाण्याची चौकशी. सकाळी ब्रेड, दुपारी पांढराशुभ्र भात, रात्री मैद्याचं कायतरी. तांदूळ पॉलिश केला की कोंड्याबरोबर बरंचसं मॅग्नेशियम गिरणीतच राहतं. शंभर ग्रॅम जोंधळ्यात ते सव्वाशे मिलिग्रॅमच्या वर असतं आणि अगसी म्हणजे जवस, शेंगदाणे तर त्याच्याही पुढं. हे ऐकून घरी आलो तर आई चुलीपुढं तेच थापत होती, जे मी दहा वर्षं "जड पडतं" म्हणून नाकारलं होतं. तिनं काही विचारलं नाही. ताटात भाकरी टाकली, तीवर अगसीची चटणी, चटणीत बोटानं खळगा करून तेल. ॲसिडिटीची गोळी डॉक्टरांच्या सांगण्यानं हळूहळू सुटतेय. मिरचीवर अजून बोलणी चालू आहेत.

डबीत छप्पन्न गोळ्या शिल्लक. संध्याकाळी अण्णा कट्ट्यावर. मी डबी त्यांच्यापुढं आपटली. "अण्णा, तुमचा गोळा यानंच बरा झाला न्हवं?"

"गोळा?" अण्णा डबी सदऱ्याच्या खिशात सरकवत म्हणाले. "मला कुठला गोळा गा? मला सकाळी साफ होईना झालं होतं."