पाणचुलीचा धूर आणि विलायती दंड

"तिकडे धूर केला की सरळ दंड होतो ना रे?" गुहागरजवळच्या आमच्या वाडीतून फोनवर आलेल्या या प्रश्नात उत्तर आधीच घातलेलं होतं. दर्याच्या बाजूला नवा होमस्टे झालाय. त्याच्या मालकाने वरच्या अंगाला राहणाऱ्या काकींच्या पाणचुलीविरुद्ध, म्हणजे आंघोळीचं पाणी तापवायच्या चुलीविरुद्ध, ग्रामपंचायतीत अर्ज दिलाय, आणि इंग्लंडात राहणारा मी त्याचा बिनपगारी साक्षीदार.

दंड होतो, खरंच. १९५२ च्या डिसेंबरात लंडनवर धुरकं दाटलं, हजारो माणसं दगावली, आणि १९५६ मध्ये कायदा आला. आज इथल्या धूरनियंत्रण क्षेत्रात घराच्या धुराड्यातून धूर निघाला तर कौन्सिल १७५ ते ३०० पौंड दंड लावू शकते. पण तक्रार केली की बहुतेकदा आधी तुम्हालाच कामाला लावतात: धूर कधी आला, किती वेळ होता, लिहून ठेवा. तोवर खिडक्या लावून बसा.

शिवाय आमच्या गल्लीत ज्यांच्याकडे लाकडाची शेगडी आहे, त्यांची घरं गॅसवरच तापतात. जाळ हौसेचा. काकींच्या घरी सिलिंडर स्वयंपाकालाच जेमतेम पुरतो. घरादाराच्या आंघोळीचं पाणी त्यावर तापवायचं कसं? परसातली माडाची चुडतं (वाळल्या झावळ्या), नारळाची सोडणं फुकट मिळतात. इथला दंड तिथे लावा म्हणणाऱ्याने एवढं तरी बघावं.

म्हणून धूर सोसा, असं नाही. तो आधी काकींच्याच छातीत जातो, मग पाहुण्यांच्या. सकाळी मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, थंडीत तोही मंद, म्हणजे आंघोळीच्या वेळचा धूर नेमका होमस्टेच्या खिडक्यांत. उन्हं चढून खारा वारा सुटला की तोच धूर डोंगराकडे.

इथून उचलायचाच तर लाकडाचा नियम उचला. इंग्लंडात २०२१ पासून किरकोळ विक्रीच्या जळाऊ लाकडात २० टक्क्यांहून जास्त ओल चालत नाही. ओल्या लाकडाची आच पाणी उडवण्यातच जाते आणि धूर माजतो. काकींच्या न्हाणीमागचा भारा उघड्यावर असतो, खालची लाकडं ओल धरून काळी पडलेली. तो पत्र्याखाली, जमिनीपासून वीतभर उंच रचावा. न्हाणीला धुराडंच नाही, धूर कौलांच्या फटींतून झिरपतो. छपराच्या वर जाईल असा पाइप बसवावा. खर्च होमस्टेवाल्याने करावा, सीझनमधल्या एखाद्या शनिवार-रविवारच्या भाड्यात भागेल. अर्जासाठी पंचायतीत हेलपाटे घालण्यापेक्षा ते बरं.

काकींना पाणी तापवायचा सोलर बसवून देणंही त्याला परवडेल. "पावसात तुझा सोलर काय कामाचा?" काकी विचारतात. बरोबर आहे. पण पावसाळ्यात वारा समुद्राकडून असतो, आणि पाहुणे तरी कुठे असतात?