लिंबाच्या पानांवरील चंदेरी रेषा हा विषाणू नव्हे

पावसाळा लागल्यापासून इंदुरातल्या मराठी कुटुंबांच्या व्हॉट्सअ‍ॅप समूहांतून एक संदेश फिरतो आहे. लिंबाच्या पानांवर चंदेरी नागमोडी रेषा दिसल्या तर तो परदेशातून आलेला विषाणू समजावा, अशी सगळी पाने तोडून जाळावीत, दर आठ दिवसांनी कीटकनाशक फवारावे, फळे खाऊ नयेत, नाहीतर झाड मरेल आणि रोग तुळशी-गुलाबावरही जाईल, असा त्याचा आशय आहे. लोकमान्यनगरातल्या एका काकूंनी तो वाचून बारा वर्षांचे, फळांनी लगडलेले झाड बोडके केले. ते पाहिल्यावर गप्प बसणे मला योग्य वाटले नाही.

विषाणूचा दावा तपासायला प्रयोगशाळा लागत नाही. असे एक कोवळे पान उजेडाकडे धरावे. रेषेच्या मधोमध काळसर बारीक धागा दिसतो, ती विष्ठा. आणि रेषा संपते तिथे, अळी अजून आत असेल तर, जेमतेम तीन मिलिमीटर लांबीचा पिवळसर हिरवा, चपटा, बिनपायाचा जीव दिसतो. ही नागअळी, म्हणजे फायलोक्निस्टिस सिट्रेला या पतंगाची अळी. मादी कोवळ्या पानावर, बहुधा मागच्या बाजूस मधल्या शिरेजवळ, एकेक अंडे घालते आणि अळी बाहेरच्या हवेत क्षणभरही न येता अंड्यातून थेट पानात शिरते. ती पानाचा हिरवा गर कुरतडत नाही. पात्यासारख्या जबड्यांनी त्वचेच्या पेशी कापून त्यांतला रस पिते. वरचा पापुद्रा सुटतो, त्याखाली हवा भरते, म्हणून रेषा चांदीसारखी चमकते. शेवटच्या अवस्थेत ती खाणे सोडून पानाची कड रेशमाने दुमडते आणि त्या घडीत कोष करते. पाने वळलेली दिसतात ती यामुळे. त्यातून निघणारा रुपेरी पतंग विसावलेला असताना तांदळाच्या कणीएवढा असतो, म्हणून तो कुणाच्या नजरेस पडत नाही आणि विषाणूची कल्पना सहज पटते.

ही कीड परदेशी असल्याचे म्हणणे तर वस्तुस्थितीच्या नेमके उलट आहे. स्टेन्टन या इंग्रज कीटकशास्त्रज्ञाने १८५६ साली या पतंगाचे पहिले शास्त्रीय वर्णन केले, ते कलकत्त्याच्या नमुन्यांवरून. अमेरिकेतल्या फ्लोरिडात तो १९९३ साली आढळला, म्हणजे तिकडच्या बागायतदारांच्या दृष्टीने परका आपला पतंग आहे. गोंधळ कदाचित टोमॅटो आणि झेंडूच्या पानांवरच्या तशाच रेषांमुळे झाला असावा. त्या मात्र लिरिओमायझा नावाच्या माशीच्या अळ्या करतात, आणि ती माशी खरोखरच १९९०च्या दशकाच्या आरंभी बाहेरून भारतात आली.

तुळशी-गुलाबावर पसरण्याची भीतीही यातूनच सुटते. पान पोखरणाऱ्या पतंगांच्या बहुतेक जाती आपापल्या झाडाला बांधलेल्या असतात. याच कुळातले फायलोनोरिक्टर वंशाचे कित्येक पतंग युरोपात ओक वृक्षाच्या पानांत वाढतात, पण ते लिंबाकडे फिरकत नाहीत. आणि आपली नागअळी लिंबू, संत्रे, मोसंबी व त्यांच्या निकटच्या सोयऱ्यांपुरतीच राहते. फळांविषयी एवढेच पुरे, की अळी मुख्यतः पानात राहते आणि लिंबू खाल्ल्याने कुणाला काही होत नाही. काळजी करायचीच, तर त्यावर दर आठ दिवसांनी फवारलेल्या विषाची करावी.

सर्वांत जास्त नुकसान करणारा सल्ला पाने तोडण्याचा आहे. पोखरलेल्या पानाचा न पोखरलेला भाग झाडासाठी अन्न तयार करतच राहतो. झाड ओरबाडले की ते जोमाने नवी पालवी फेकते, आणि मादीला अंडी घालायला नेमकी तीच हवी असते. जून झालेल्या पानावर ही अळी वाढू शकत नाही. शिवाय त्या पानांतच अळीचे शत्रू वाढत असतात. नागअळीवर उपजीविका करणाऱ्या चिमुकल्या गांधीलमाश्यांचे काम इतके मोलाचे आहे, की फ्लोरिडाने १९९४ साली अशी एक जात मुद्दाम बाहेरून आणून सोडली. आठवड्याला फवारा मारला तर पापुद्र्याखालची अळी बहुधा सुरक्षित राहते आणि उघड्यावर फिरणारी गांधीलमाशी आधी मरते. आत शोषली जाणारी औषधे अळीपर्यंत पोचतात हे खरे, परंतु घरच्या अंगणात, फुलावर आलेल्या आणि मधमाश्यांनी गजबजलेल्या झाडाला ती देणे मला समर्थनीय वाटत नाही. चार वर्षांहून मोठ्या झाडाला या अळीसाठी काहीही करू नये, हा कॅलिफोर्नियातल्या विद्यापीठाचा सल्लाही याच कारणांवर उभा आहे.

झाड मरेल ही भीती मोठ्या झाडाबाबत निराधार आहे, परंतु नुकत्याच लावलेल्या कलमाची गोष्ट वेगळी. त्याची बहुतेक पाने कोवळीच असतात, त्यामुळे वाढ खुंटते. तिथे नवी पालवी फुटताना कडुनिंबाच्या तेलाचा फवारा द्यावा आणि नत्रखत बेताने घालावे. दुसरा खरा धोका संदेशात आलेलाच नाही, तो खैऱ्या रोगाचा, ज्याला कँकर म्हणतात. हा जीवाणूंमुळे होतो. अळी तो स्वतः वाहून आणत नाही, पण तिने उसवलेल्या त्वचेतून पावसाच्या थेंबांबरोबर उडणाऱ्या जीवाणूंना आत शिरायला वाट मिळते, आणि आपले कागदी लिंबू या रोगाला फार लवकर बळी पडते. म्हणून रेषांपेक्षा तपकिरी, उंचवट्याचे, पिवळ्या वलयाचे खरबरीत डाग शोधावेत. ते पानांवर, काटक्यांवर किंवा फळांवर दिसले तर रोगट काटक्या पाऊस थांबून झाड कोरडे असताना कापाव्यात. काकूंच्या झाडाला आता नवी पालवी फुटते आहे. तिच्यावर रेषा उमटतील, तेव्हा पाने तशीच राहू द्यावीत, असे मी त्यांना सांगून ठेवले आहे.