कोथिंबिरीच्या पाण्यानं किडनी ‘धुतली’ जात नाही

उन्हाळा लागला की आमच्या जळगाव-भुसावळकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरू लागतो. “किडनी ही गाळणी आहे. वर्षानुवर्षं तिच्यात क्षार आणि विष साचतं. दहा दिवस उपाशीपोटी कोथिंबिरीचं उकळलेलं पाणी आणि रोज सहा लिटर साधं पाणी प्या. लघवी पिवळी होऊन सगळी घाण बाहेर पडेल.” यंदा तो आमच्या नानांनी पाठवला. नानांना बारा वर्षांपासून शुगर आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

“साचतं” इथेच गफलत आहे. मी बारावीच्या मुलांना बोकडाचा गुर्दा उभा चिरून दाखवतो. बाहेर तपकिरी थर, आत रेघारेघांचा भाग, मधे लघवी गोळा होणारी पांढुरकी पोकळी. गाळ साचायला चहाच्या गाळणीसारखी जाळी कुठेच नाही. माणसाच्या एकेका किडनीत साधारण दहा लाख नेफ्रॉन, म्हणजे रक्त गाळणाऱ्या बारीक नळ्या, असतात. प्रत्येकाच्या तोंडाशी बारीक रक्तवाहिन्यांचा गुच्छ. तिथे रक्तपेशी आणि बहुतेक प्रथिनं रक्तातच राहून पुढे वाहत जातात. पाणी, मीठ, साखर, युरिया नळीत उतरतात. असं दिवसाला सुमारे 180 लिटर पाणी गाळलं जातं आणि त्यातलं 178 लिटरच्या आसपास नळ्या परत रक्तात ओढून घेतात. दिवाळीआधी घरातलं सगळं सामान अंगणात काढून कामाचं तेवढंच आत न्यावं, तशी ही रीत. रक्तातला पातळ, पाण्याचा भाग जेमतेम तीन लिटर, म्हणजे तो रोज साठ वेळा गाळून निघतो. दहा दिवसांच्या काढ्यानं धुवायचं उरलं काय?

लघवी पिवळी होणं हे घाण निघाल्याचं लक्षण नाही. मे महिन्यात भुसावळचा पारा 45 अंशांवर जातो, अंगातलं पाणी घामावाटे उडतं. मग मेंदूकडून संप्रेरक सुटतं आणि नळ्यांच्या शेवटच्या टप्प्यातून जास्त पाणी परत घेतलं जातं. आतल्या रेघांच्या भागात लांब वळसा घेणाऱ्या नळ्यांनी मीठ साठवून ठेवलेलं असतं, त्याच्या ओढीनं हे जमतं. लघवी रक्ताच्या चौपट घट्ट होऊ शकते. गडद रंग म्हणजे पाणी प्या, एवढंच.

सहा लिटरचा आकडा सरसकट लावू नये. उन्हात केळीचे घड वाहणाऱ्याला भरपूर पाणी लागतंच, मुतखडा झालेल्यानंही जास्त प्यावं. पण घामातून मीठ गेलेलं असताना नुसतं पाणीच पीत राहिलं तर रक्तातलं सोडियम उतरतं. किडनी किंवा हृदय कमजोर असेल तर पाण्याचं माप डॉक्टरांनीच ठरवावं.

भरितात कोथिंबीर खुशाल घाला. मात्र किडनी मंदावलेल्यांना पोटॅशियम नीट बाहेर टाकता येत नाही. जुडीच्या जुडी उकळून प्यायलेल्या पाण्यात ते उतरतं. अशा माणसाला रावेरची केळीसुद्धा जपून खावी लागतात, आणि पोटॅशियम फार वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात.

मेसेजमध्ये नाही ती गोष्ट खरी घातक आहे: कंबर दुखली की मेडिकलवरून आणलेली डायक्लोफिनॅकची गोळी. अंगात पाणी कमी असताना ही गोळी किडनीकडे जाणारी रक्तवाहिनी आवळते. शेतमजुरीच्या दिवसांत ती किती जण रोज घेतात, ते मी डोळ्यांनी पाहतो.

नाना, रक्ततपासणीत क्रिएटिनिन (किडनी बाहेर टाकते तो टाकाऊ पदार्थ) नॉर्मल आलं म्हणून थांबू नका. किडनीचं काम निम्म्यावर येईपर्यंत ते बऱ्याचदा नॉर्मलच दिसतं. लघवीतलं अल्ब्युमिन हे प्रथिनही तपासा, दरवर्षी. सोमवारी सकाळी मी न्यायला येतो.