ज्यांचा कुलवृत्तांत छापला गेला नाही त्यांच्यासाठी

जुन्या वाचनालयांच्या दुर्मीळ ग्रंथ विभागात आपल्या घराण्याचा माग कसा काढावा, या माझ्या लेखावर तुम्ही लिहिलंत, "हा उद्योग वतनदारांचा आणि लेखणीवाल्यांचा. कुलवृत्तांत त्यांचे, कागद त्यांचे. माझे पणजोबा दुसऱ्याच्या शेतात राबले, पणजीचं नावही कुणाला ठाऊक नाही. आम्ही तिथे जाऊन कुणाचे पूर्वज वाचायचे?"

छापील कुलवृत्तांतांपुरतं, म्हणजे घराण्यांच्या छापलेल्या इतिहासांपुरतं, तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. ती परंपरा मुख्यतः शिकलेल्या, पैसा जमवू शकणाऱ्या घराण्यांची. त्यातही मुलींच्या वाट्याला जेमतेम एखादी ओळ येते. पण कुलवृत्तांतांचं कपाट म्हणजे अख्खा विभाग नव्हे, आणि त्या एका कपाटाकडे बघून तुम्ही परत फिरावं हे मला पटत नाही.

माझं सांगणं एवढंच आहे की, तिथे आडनाव घेऊन जाऊ नका, गावाचं नाव घेऊन जा. पेशवाईतल्या कागदांत साध्या माणसाला आडनाव क्वचितच असतं. तो 'अमका बिन तमका', म्हणजे तमक्याचा मुलगा अमका, अमुक गावचा, अमुक कामाचा. बाई असेल तर 'कोम' लिहून पुढे नवऱ्याचं नाव. मराठवाड्यात, वऱ्हाडात 'बिन'ऐवजी बऱ्याचदा 'वलद'. आडनावाच्या सूचीतून शोधलं तर देशमुख-देशपांडेच हाती लागणार. गाव धरून शोधलं की बाकीचं गाव दिसायला लागतं.

महजर, म्हणजे तंट्यांचे सभेपुढे झालेले निवाडे, वाचा. पाटीलकीचा तंटा असो की शिवेचा, गोतसभा, म्हणजे गावची न्यायसभा, बसली की पाटील-कुलकर्ण्यांबरोबर बलुतेदारांनाही बोलावलं जाई. शिवेच्या वादात महाराच्या साक्षीला मोठं वजन असे. ज्यांना लिहिता येत नव्हतं त्यांनी नावापुढे आपली निशाणी काढली आहे. कुणब्याचा नांगर, न्हाव्याचा आरसा. सुतार, कुंभार, चांभार, महार यांची नावं, बहुतेकदा बापाच्या नावासकट, अशा कागदांत आहेत. इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांनी 1898 पासून छापलेल्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या खंडांत आणि 1910 साली स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळाच्या प्रकाशनांत असे कितीतरी कागद देवनागरीत वाचायला मिळतात. त्यांच्यासाठी मोडी यायलाच हवी असं नाही. रत्नागिरीचं वाचनालय 1828 चं, नाशिकचं 1840 चं. अशा जुन्या संस्थांत हे जुने खंड आधी विचारून बघा.

तारखांना मात्र घाबरू नका. 'सन सलास सितैन मया व अलफ' असं दिसलं तर ते अरबी आकडे आहेत : तीन, साठ, शंभर, हजार. म्हणजे त्या कागदांतल्या कालगणनेचं, सुहूर सन 1163. त्यात 599 मिळवले की इ.स. 1762-63. एकदा बसून दहा तारखा सोडवल्या की हात बसतो.

तरीही ज्याला वतन नाही, बलुतं नाही, तो मजूर महजरात सहसा सापडत नाही. तुमच्या पणजोबांचं तसंच असावं, आणि त्यांचा काळ बघता तुम्हाला पेशवाईत शिरायची गरजही नाही. तुमचे कागद इंग्रजी अमदानीतले. तालुकावार जमाबंदीचे, म्हणजे जमीन मोजून शेतसारा ठरवण्याचे, अहवाल शोधा. इंदापूर तालुक्यात 1836 साली नवी पाहणी सुरू झाली आणि पुढे ती तालुक्या-तालुक्यांत पसरली. या अहवालांच्या परिशिष्टांत पीकपाणी, विहिरी, बैल, बाजारभाव असतात. त्यात पणजोबांचं नाव नसेल. पण 1876-78 च्या किंवा 1899-1900 च्या दुष्काळात त्या भागाचं काय झालं, माणसं गिरणीत मुंबईला का गेली, हे त्यावरून कळू लागतं. मला हे नावाइतकंच मोलाचं वाटतं. नुसती नावांची उतरंड मिळाली आणि ती माणसं काय खात होती हेच ठाऊक नसलं, तर काय मिळालं?

नियतकालिकंही चाळा. 1877 चं 'दीनबंधु', 1920 चं 'मूकनायक', 1927 चं 'बहिष्कृत भारत'. गावोगावच्या सभांच्या बातम्यांत मोठ्या इतिहासात न आलेली माणसं भेटतात. एकोणिसाव्या शतकातल्या पुस्तकांच्या शेवटी वर्गणीदारांच्या याद्या छापलेल्या असत, त्याही बघा.

नावासाठी तहसील कार्यालय गाठावं लागेल. गाव नमुना 14, म्हणजे कोतवाल बुक, यात जन्म-मृत्यूच्या नोंदी आहेत. 2023 मध्ये मराठा समाजाच्या कुणबी नोंदी शोधणाऱ्या न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीचं काम सुरू झालं तेव्हा त्यासाठी ही जुनी दप्तरं बाहेर निघाली आणि मोडी वाचणाऱ्यांची केवढी टंचाई आहे ते सगळ्यांना दिसलं. माझी खरी तक्रार इथे आहे. शेतकऱ्याच्या, मजुराच्या घरचा कागद सरकारी कपाटात आहे, आणि तो वाचायला त्याला दुसऱ्याच्या दारात उभं राहावं लागतं. पुराभिलेख संचालनालयाचे मोडीचे वर्ग होतात. तुमच्या घरातल्या एखाद्या मुला-मुलीला तिकडे जरूर धाडा.

पणजीबद्दल : कोतवाल बुकातल्या मुलांच्या जन्मनोंदी आधी पाहा, आणि आजोबा शाळेत गेले असतील तर शाळेचं जुनं दाखल-खारज रजिस्टर. जमीन कधी नावावर झाली असेल तर वारसाचा फेरफार काढा. नवरा गेल्यावर बायकोचं नाव पुष्कळदा तिथेच पहिल्यांदा कागदावर येतं. गाव आणि तालुका कळवलात तर त्या तालुक्याचा जमाबंदी अहवाल कुठल्या वाचनालयात आहे ते मी शोधून सांगतो.