जुन्या जलरंगचित्रावर ॲक्रिलिक चढवू नये, या समजाला उत्तर

चित्रं काढणाऱ्यांमध्ये एक मजकूर पुन्हा पुन्हा हातोहात फिरत असतो. त्याचं सार असं: "जलरंगातलं चित्र बिघडलं की संपलं. त्यावर ॲक्रिलिक लावू नका. खालचा रंग विरघळून वर येतो, वरचा थर पुढे सोलून निघतो, कागद वाकतो, पारदर्शकता मरते. शिवाय असं दुरुस्त केलेलं चित्र म्हणजे माध्यमाशी बेइमानी." नव्याने शिकणारे हे वाचतात आणि गठ्ठ्यातले जुने कागद फाडून टाकतात. मला त्याचं फार वाईट वाटतं. त्या कागदांवर रेखाटन झालेलं असतं, रचना ठरलेली असते, एखाद्या कोपऱ्यात सुंदर वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा पातळ थर, उतरलेला असतो. मजकुरातली काही निरीक्षणं खरी आहेत. पण त्यावरून काढलेला 'लावूच नका' हा निष्कर्ष खरा नाही.

पहिला आक्षेप खालचा रंग विरघळण्याचा. जलरंगात रंगद्रव्याला धरून ठेवतो तो अरबी डिंक, आणि तो वाळल्यावरही पाण्यात विरघळतो. त्यामुळे ओल्या ब्रशने वर घासलं की खालचं निळं-तपकिरी उठणार आणि वरचा स्वच्छ रंग मळणार, हे बरोबर. पण ॲक्रिलिकचं बांधणीद्रव्य वेगळ्या जातीचं आहे. त्यातलं पाणी उडून गेलं की बहुवारिकाचे (पॉलिमरचे) सूक्ष्म कण एकमेकांना चिकटून सलग पापुद्रा तयार होतो, आणि तो पुन्हा पाण्यात विरघळत नाही. म्हणजे धोका आहे तो फक्त पहिल्या थरापुरता. तो थर सांभाळला की वर हवं ते करा.

तो सांभाळायचा कसा? स्प्रेने फिक्सेटिव्ह (रंग जागी पक्का धरणारा द्राव) किंवा ॲक्रिलिक व्हार्निशचे दोन-तीन हलके हात द्यावेत, प्रत्येक हात पूर्ण वाळू द्यावा. स्प्रे नसेल तर रुंद, मऊ ब्रशने मॅट मीडियमचा (रंग न घातलेल्या, चमक नसलेल्या ॲक्रिलिक द्रव्याचा) एकच फटकारा ओढावा आणि त्या जागी परत जाऊ नये. त्याआधी कडेला ओला कापूस टेकवून पाहावा. अल्ट्रामरीन आणि कोबाल्ट निळा सहज उठतात. थॅलो निळा किंवा क्विनॅक्रिडोन गटातले लाल-गुलाबी कागदात मुरलेले असतात, ते फारसे हलत नाहीत. कोणता भाग उठणार हे कळलं की निम्मी भीती जाते.

उलट कधी कधी मी तो रंग मुद्दाम उठवते. जुना कागद आधी पाण्याखाली धरून मऊ ब्रशने धुतला की जड, मळकट भाग निघून जातात आणि खाली फिकट छटा उरते. नवं चित्र सुरू करायला कोऱ्या पांढऱ्यापेक्षा ती जमीन कितीतरी बोलकी असते. बंगालचे चित्रकार अवनींद्रनाथ ठाकुर यांच्या वॉश पद्धतीत तर रंगवलेला कागद वारंवार पाण्यातून काढणं हा कामाचाच भाग होता. रंग विरघळतो म्हणजे चित्र संपलं, असं तिथे कुणी मानलं नाही.

"थर सोलून निघतो." निघतो, पण कुठे? खाली मेणाचे खडू किंवा ऑइल पेस्टल असेल, मास्किंग फ्लुइडचा (कागद कोरा राखायला लावतात त्या रबरासारख्या द्रवाचा) चिकट अंश राहिला असेल, किंवा ट्यूबमधला रंग पाण्याशिवाय थापून डिंकाची चकचकीत साय धरली असेल, तिथे. नेहमीचा पातळ वॉश मात्र कागदाच्या तंतूंमध्ये बसलेला असतो आणि तंतू उघडे असतात, त्यामुळे ॲक्रिलिकला चांगली पकड मिळते. म्हणून मास्किंगचा अंश रबराने उचलावा, डिंकाचे जाड भाग ओल्या स्पंजने उतरवावेत आणि तेलकट, मेणकट साहित्य सगळ्यात शेवटी वापरावं. ॲक्रिलिकवर तैलरंग किंवा ऑइल पेस्टल चालतं. त्यांच्यावर ॲक्रिलिक चालत नाही. थंडीचंही भान ठेवावं. तापमान साधारण 9-10 अंश सेल्सिअसच्या खाली गेलं तर ॲक्रिलिकचा पापुद्रा नीट जुळत नाही, आणि असा थर पुढे कमजोर राहतो.

कागद वाकण्याबद्दल फार वाद नको. वाकतो. एकाच बाजूला पापुद्रा बसून आकसला की दुसरं काय होणार? 300 जीएसएमचा (दर चौरस मीटरला 300 ग्रॅम वजनाचा) कागद बराच तग धरतो. त्याहून पातळ असेल तर पुढची बाजू स्प्रेने बंद करून कागद जेल मीडियमने बोर्डवर चिकटवावा, वर वजन ठेवावं आणि मग रंगवायला बसावं. बोर्ड नको असेल तर मागच्या बाजूलाही मीडियमचा एक हात द्यावा, म्हणजे दोन्हीकडचा ताण सारखा होतो.

पारदर्शकतेचा आक्षेप मात्र मनापासून ऐकावा असा आहे. जलरंगाची जादू अशी की प्रकाश रंगातून आरपार जाऊन खालच्या पांढऱ्या कागदावरून परततो. सगळ्या कागदावर टायटॅनियम व्हाइट मिसळलेला रंग लिंपला तर ही जादू जाते, आणि मग जुना कागद वापरण्यात अर्थही उरत नाही. पण ॲक्रिलिक म्हणजे अपारदर्शक हे समीकरण कुणी बांधलं? क्विनॅक्रिडोन किंवा थॅलोसारखं पारदर्शक रंगद्रव्य भरपूर ग्लेझिंग मीडियममध्ये (रंगाचे पारदर्शक थर द्यायच्या द्रव्यात) मिसळलं तर काचेसारखा थर मिळतो. आणि तो वाळल्यावर हलत नसल्यामुळे त्यावर दुसरा, तिसरा, पाचवा थर देता येतो. जलरंगात तिसऱ्या-चौथ्या वॉशला खालचा रंग ढवळला जाण्याची भीती असते, ती इथे नाही.

अपारदर्शक रंगालाही त्याचं काम आहे. माझ्या पाहण्यातली बहुतेक फसलेली जलरंगचित्रं दोनच कारणांनी फसलेली असतात: सगळे टोन (उजळ-गडदपणा) मधल्या पट्टीत अडकलेले, किंवा राखून ठेवायचा पांढरा प्रकाश हातून गेलेला. गडद भाग जलरंगातही वाढवता येतो. गेलेला प्रकाश मात्र त्या माध्यमात पुरता परत आणता येत नाही, तो अपारदर्शक रंगच आणतो. जर्मन चित्रकार ड्यूररने 1502 मध्ये रंगवलेला ससा पाहा. जलरंगाच्या पातळ थरांवर अपारदर्शक रंगाचे बारीक फटकारे आहेत, आणि त्याच्या अंगावरचा केस न् केस त्यांतूनच उभा राहतो. इंग्रज चित्रकार टर्नर तर ओला रंग खरवडून खालचा पांढरा कागद बाहेर काढायचा.

इथे हाताशी असावं असं थोडं सांगते. निव्वळ टायटॅनियम व्हाइट जुन्या, किंचित पिवळसर कागदावर थंड आणि उपरं दिसतं. त्यात कणभर यलो ऑकर घालावा. जलरंग वाळल्यावर फिकट होतो, ॲक्रिलिक वाळल्यावर गडद होतं, त्यामुळे मूळ छटेशी जुळवताना तुकड्यावर लावून, वाळवून मगच ठरवावं. पारदर्शक गेसो (रंगवण्याआधी द्यायचं अस्तर) दिला की पृष्ठभागाला खरखरीत दात येतो. त्यावर सॉफ्ट पेस्टल, कोळसा, रंगीत पेन्सिल छान धरते. एखाद्या जागी पुन्हा जलरंगच हवा असेल तर वॉटरकलर ग्राउंडचा हात देऊन तिथे शोषणारी जमीन परत मिळवता येते. आणि हे सगळं करण्याआधी पुठ्ठ्याच्या दोन एल-आकाराच्या पट्ट्या चित्रावर सरकवून पाहाव्यात. कित्येकदा पूर्ण कागद फसलेला असतो आणि त्यातला तळहाताएवढा तुकडा उत्तम असतो. तो कापून घ्यावा, उरलेल्याचं कोलाज करावं.

राहिला बेइमानीचा आरोप, आणि तो मला सर्वांत जास्त खटकतो. चित्रकारांसाठीचे पाण्यात मिसळणारे ॲक्रिलिक रंग बाजारात आले तेच 1950 च्या दशकात. मग ते वर्ज्य ठरवणारी जुनी परंपरा आली कुठून? मिश्र माध्यमाची परंपरा मात्र त्याच्या कितीतरी आधीची आहे. फ्रेंच चित्रकार देगा मोनोटाइपच्या, म्हणजे पाटीवर रंगवून कागदावर उतरवलेल्या, छापावर पेस्टल चढवायचा. इंग्रज शिल्पकार हेन्री मूरने दुसऱ्या महायुद्धात, 1940-41 मध्ये, लंडनच्या भुयारी आश्रयस्थानांत झोपलेली माणसं मेणाच्या खडूवर जलरंगाचा वॉश सोडून चितारली. मेण पाणी झिडकारतं, याचाच त्याने उपयोग केला. स्विस-जर्मन चित्रकार पाउल क्ले स्वतःची झालेली चित्रं कापून त्यांची वेगळी चित्रं करायचा. अमेरिकन चित्रकार ली क्रॅस्नरचं उदाहरण तर थेट आपल्या विषयावरचं आहे. मनासारखी न झालेली रेखाटनं तिने फाडली आणि त्या तुकड्यांतून केलेली कोलाजं 1955 मध्ये न्यूयॉर्कमध्ये मांडली. पुढे 1970 च्या दशकात विद्यार्थिदशेतली कोळशाची रेखाटनं कापून तिने पुन्हा नवी मालिका उभी केली. स्वतःच्या जुन्या कामाला साहित्य मानण्याची ही वृत्ती मला फार मोलाची वाटते. प्रामाणिकपणाचा प्रश्न उरतो तो नोंदीपुरता. चित्राखाली 'कागदावर जलरंग, ॲक्रिलिक आणि पेस्टल' असं स्पष्ट लिहावं, आणि केवळ पारदर्शक जलरंग मागणाऱ्या स्पर्धेला ते पाठवू नये.

खरा इशारा द्यायचा तर तो त्या फिरणाऱ्या मजकुरात नाहीच. ॲक्रिलिक चढवलं की परत फिरता येत नाही, म्हणून आधी चित्राचा चांगला फोटो किंवा स्कॅन घ्यावा. खाली अलिझरीन क्रिमझनसारखा उडणारा रंग असेल तर ॲक्रिलिकचा पारदर्शक थर त्याला वाचवत नाही. उजेडात तो फिकटत राहतो. आम्लयुक्त स्वस्त कागदाचं पिवळं पडणंही थांबत नाही. ॲक्रिलिकचा पृष्ठभाग वाळल्यावरही थोडा मऊ राहतो, त्यामुळे अशी चित्रं एकमेकांवर उघडी रचू नयेत आणि फ्रेमची काच त्यांना टेकू देऊ नये.

आणि हे सारं फक्त स्वतःच्या चित्रांबद्दल आहे. दुसऱ्या कुणाचं, विशेषतः हयात नसलेल्या माणसाचं जलरंगचित्र हाती आलं असेल, तर ते कितीही डागाळलेलं असो, त्यावर ना स्प्रे मारावा, ना मीडियम लावावं. ते कागदाच्या संवर्धनाचं शिक्षण घेतलेल्या व्यक्तीकडे न्यावं.