विनास्टिकर वाहन

दोनशे रुपयांचा प्रश्न नाही. असं म्हणणाऱ्या माणसाचा प्रश्न नेमका दोनशे रुपयांचाच असतो हे मला माहीत आहे, तरी म्हणतो.

परवा पहाटे उपवन तलावाकडून सराव करून घामाने निथळत सोसायटीच्या फाटकातून आत आलो, वर जाऊन अंघोळ केली, आणि दूध आणायला खाली उतरलो तर वॉचमनने हातात पावती ठेवली. ‘विनास्टिकर वाहन आवारात चालवणे व लिफ्टसमोर लावणे. दंड रु. 200 फक्त.’ त्या ‘फक्त’वर माझा विशेष राग आहे.

आमच्याकडे गाडी नाही. बायकोची स्कूटर आहे, तिला स्टिकर आहे आणि त्या वेळी ती आपल्या जागेवर कव्हर पांघरून झोपली होती. वाहन म्हणजे माझे रोलर स्की. लिफ्टची वाट बघताना पायातून काढून दोन मिनिटं भिंतीला टेकवले होते, तेवढंच.

मी क्रॉस-कंट्री स्कीइंग करतो. हौस म्हणून नाही, पोटापाण्यासाठी. निदान पाण्यापुरतं तरी त्यातून सुटतं. स्कीइंग म्हटलं की लोकांना कड्यावरून सुसाट खाली येणारी रंगीत जॅकेटवाली मंडळी आठवतात. ती वेगळी. त्यांना वर न्यायला पाळणे असतात. आम्ही तोच डोंगर आपल्या पायांनी चढतो, उतरतो, पुन्हा चढतो आणि शेवटच्या रेषेवर पालथे पडतो. हे काम हिवाळ्यातलं. पण जगातले पहिल्या फळीतले लोक वर्षाला 800-900 तास सराव करतात आणि त्यातले बहुतेक तास बर्फ नसतानाच भरतात. ऑफ-सीझनमध्ये सुट्टी असते ती बर्फाला, आम्हाला नाही.

त्यासाठी हे रोलर स्की. हातभराहून थोडी मोठी ॲल्युमिनियमची पट्टी, पुढे एक रबरी चाक, मागे एक, मधे बूट अडकवायची सोय. दोन पायांत दोन, हातात दोन लांब काठ्या. नॉर्वेत ठिकठिकाणी यासाठी वेगळे डांबरी मार्ग आहेत. आपल्याकडे पेव्हर ब्लॉक आहेत. पेव्हर ब्लॉकच्या फटीत काठीचं टोक अडकलं की माणूस पुढे जातो आणि काठी मागे ठाणे महानगरपालिकेकडे जमा होते. खड्ड्यांबद्दल मी बोलणार नाही, कारण मग हा लेख दुसऱ्याच विषयावर जाईल. उपवनला पहाटे चालायला येणाऱ्या एक आजी मला रोज बघतात. एक दिवस जवळ येऊन हळूच म्हणाल्या, ‘कधी झालं रे बाळा हे?’

तर पावती. पावतीवर सही होती जकातकाकांची.

सोसायटीच्या समितीत पार्किंगचं खातं ज्यांच्याकडे आहे ते हे काका आयुष्यभर मुलुंडच्या जकात नाक्यावर होते. 1 जुलै 2017 ला जीएसटी आला, मुंबईची जकात गेली, काकाही निवृत्त झाले. नाका मात्र निवृत्त झाला नाही. तो आमच्या फाटकाशी येऊन बसला. काकांना जगात दोनच गोष्टी दिसतात, माल आणि मालाचा वर्ग. वर्ग लागला की माणूस सुटला. मी त्यांना भेटायला गेलो तेव्हा ते वॉचमनच्या केबिनमध्ये वही उघडून बसले होते. माझीच वाट बघत होते, असं मला अजूनही वाटतं.

‘काका, हे वाहन नाही हो.’

‘चाकं आहेत?’

‘आहेत, पण...’

‘किती?’

‘एकेकाला दोन.’

‘म्हणजे दुचाकी. आणि नग दोन. तुमच्या घरची स्कूटर धरून तीन दुचाक्या झाल्या. फ्लॅटमागे दोनच बसतात.’

‘अहो, पण ही दोन्ही मिळून एकच आहे. एक घालून चालत नाही, दोन्ही एकदमच लागतात.’

इथे माझं चुकलं. काकांनी पेन थांबवलं, चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि अतिशय मायेने म्हणाले, ‘मग आधी सांगायचं ना. चारचाकी.’

‘काका, वजन बघा. दोन किलोच्या आसपास.’

‘वजनावर जकात असते. पार्किंग चाकावर.’

मी बाबागाडीचं उदाहरण दिलं. बाबागाडीला वेगळा ठराव आहे, असं कळलं. मी चाकांच्या सूटकेसवर आलो.

‘सूटकेसमध्ये कोणी बसतं का?’

‘ह्याच्यावरही कोणी बसत नाही. उभं राहतात.’

‘बसमध्येपण उभे राहतात.’

यावर काय बोलणार? वॉचमन मान हलवत होता. तो कोणाच्या बाजूने होता ते मला अखेरपर्यंत कळलं नाही.

‘ब्रेक?’ काकांनी विचारलं.

‘नसतात.’

वॉचमन एक पाऊल मागे सरकला.

‘रिव्हर्स?’

‘उलट, मागे जाऊच नये म्हणून एक चाक फक्त पुढेच फिरतं. चढावर पाय मागे घसरू नये म्हणून.’

‘मग लावलेली गाडी बाहेर कशी काढतोस?’

‘उचलून.’

काकांनी हेसुद्धा वहीत लिहिलं. मग पेनाचं टोपण लावलं, खुर्ची जरा मागे सरकवली आणि चौकशीचा सूर बदलला. ‘तुझं लग्न झालं ना रे मे महिन्यात?’

झालं. घंटाळीजवळच्या हॉलमध्ये, काकाही जेवून गेले होते. नाव घेताना बायको म्हणाली, ‘हिमालयात पडतो बर्फ, कोकणात पडतो पाऊस,’ मग माझं नाव, मागे राव, ‘वर्षाचे सात महिने बाहेर राहायची हौस.’ हॉल हसला, मीही हसलो. रात्री लक्षात आलं की ते सात महिने तिने मोजून आणले होते. मी तोवर सगळ्यांना पाचच सांगत आलो होतो.

मधुचंद्राला निम्मं ठाणं मनालीला जातं, बर्फात फोटो काढायला. बायकोची एकच अट होती, बर्फ सोडून कुठेही. आम्ही तारकर्लीला गेलो. तिथे वाळूत मी सराव केला नाही, हे शपथेवर सांगतो. काठ्या नेल्या होत्या, एवढंच. सहाव्या दिवशी परत आलो तर आईने माझं कपाट आवरून ठेवलेलं. त्यात मेणाची एक डबी होती. स्कीच्या तळाला लावायचं फ्लोरिनयुक्त मेण, बर्फावर लोण्यासारखं सरकतं आणि सोन्यासारखं महाग पडतं. पर्यावरणाला घातक म्हणून 2023-24 च्या हंगामापासून ते स्पर्धांतून बंद झालं. मी बंदीच्या थोडं आधी स्वतःच्या पैशांनी घेतलं होतं, अर्थातच. आईने ते सरकत्या खिडकीच्या खाचेत लावलं. खिडकी आता वाऱ्यानेच उघडते. आमच्या घरात या खेळाचा झालेला हा एकमेव प्रत्यक्ष फायदा.

‘म्हणजे तू करतोस काय नक्की?’ काका म्हणाले. ‘तुझे वडील सांगतात, पण माझ्या डोक्यात बसत नाही. स्केटिंग?’

सांगितलं. गुलमर्ग सांगितलं, औली सांगितलं. आपल्याकडे या खेळात लष्कर आणि आयटीबीपीचे, म्हणजे भारत-तिबेट सीमा पोलिसांचे, जवान पुढे असतात, कारण त्यांचं राहणंच बर्फात. ठाण्याच्या माणसाला बर्फापर्यंत पोचायलाच निम्मे पैसे लागतात, हेही सांगितलं. सहा-साडेसहा फुटांची स्कीची बॅग घेऊन पहाटे रिक्षा मिळत नाही. एकदा लोकलच्या मालडब्यातून नेली तर मासळीच्या पाट्या घेऊन बसलेल्या मावशींनी ‘पडद्याचे रॉड कसे दिले?’ म्हणून भाव विचारला. विमानतळावर दर वेळी कोणीतरी त्या बॅगेकडे बघतं, मग माझ्याकडे बघतं, मग एका यंत्रावर बोटं आपटतं आणि मी कार्ड पुढे करतो. काका पहिल्यांदाच मनापासून ऐकत होते. जादा सामानाचा आकार हा त्यांच्या जिव्हाळ्याचा विषय.

‘आणि तिथे गेलं की बर्फ असतो?’

इथे माझी बोलती जरा मंदावली. 2025 मध्ये गुलमर्गची खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा फेब्रुवारीत होती. बर्फच पुरेसा नव्हता. पुढे ढकलली, मार्चमध्ये झाली.

‘म्हणजे माल पोचला आणि बाजारच बंद,’ काका म्हणाले.

आता हे वाक्य विनोदी आहे, मला कळतं. लिहितानाही हसू आलं. पण त्या केबिनमध्ये आलं नाही. वर्षभर पहाटे साडेचारला उठायचं, जुलैच्या पावसात येऊरचा चढ पळायचा, जेवणात भात मोजून घ्यायचा, नोकरीच्या जाहिरातीतल्या खेळाडूंच्या यादीत आपला खेळ आहे की नाही हे भिंग लावून बघायचं, आणि शेवटी आभाळाने म्हणायचं, या वर्षी जमणार नाही. तक्रार कुठल्या खिडकीत करायची? आभाळाला खिडकी नाही.

म्हणून मी काकांना माझा ठेवणीतला किस्सा ऐकवला. 1998, नागानो ऑलिंपिक, 10 किलोमीटरची शर्यत. केनियाचा फिलिप बोइट 92वा आला, म्हणजे सगळ्यांत शेवटी. सुवर्णपदक जिंकलेला नॉर्वेचा ब्यॉर्न डेली त्याच्यासाठी त्या थंडीत वीसेक मिनिटं थांबला आणि रेषेवर त्याला मिठी मारली. बोइटने पुढे मुलाचं नाव डेली ठेवलं. हे सांगताना माझा आवाज दर वेळी कापरा होतो.

‘सुवर्णवाल्याला दुसरं काम नव्हतं?’ काका म्हणाले.

मी म्हटलं, 2018 मध्ये प्योंगचांगला आपला जगदीश सिंग 15 किलोमीटरमध्ये 103वा आला, ऑलिंपिकमध्ये, काका, जगातून 103वा.

‘आणि तू कितवा येतोस?’

‘ते अवलंबून असतं.’

‘किती जण धावतात त्यावर?’

हो, त्यावरच. पण हे असं तोंडावर विचारायचं नसतं. ज्याने दहावीनंतर कधी परीक्षा दिलेली नाही अशा माणसाने तर नाहीच. हे मी बोललो नाही, कारण वही त्यांच्या हातात होती.

‘असो,’ काकांनी टोपण काढलं. ‘इंजीन?’

‘नाही. काठ्यांनी ढकलायचं.’

‘हाताने?’

‘हाताने.’

काकांचा चेहरा असा उजळला की मला त्या क्षणी मुलुंडचा नाका दिसला, रात्रीचे दोन वाजलेले, ताडपत्रीखाली काहीतरी सापडलेलं. ‘अरे, मग ही हातगाडी!’

‘काका, हातगाडीवर माल असतो.’

‘माल कोण? तूच की.’

वॉचमन हसला. आता तो कोणाच्या बाजूने आहे ते कळलं.

पण हातगाडी झाल्यावर खरी पंचाईत झाली, कारण आवारात हातगाडी आणायलाच बंदी आहे. मागे एका केळेवाल्यावरून भांडणं झाली होती, तेव्हाचा ठराव, सर्वानुमते. हातगाडी दिसली तर फाटकाबाहेर काढायची, दंडबिंड काही नाही. म्हणजे माझे रोलर स्की रात्री सर्व्हिस रोडवर, केळ्यांच्या शेजारी. आणि मग जे घडलं ते मी बायकोला सांगितलेलं नाही. अर्धा तास ‘हे वाहन नाही’ म्हणून भांडणारा मी, हात जोडून उभा होतो आणि काकांना पटवत होतो की ही चारचाकीच आहे. बघा ना काका, चार चाकं. मोजा हवं तर. रबरी आहेत. पुढे जाते. ब्रेक नाहीत ते लावता येतील.

काकांनी चाकं मोजली. दोनदा. मग उदार होऊन वर्ग बदलला. दंड कायम, वर चारचाकीचे महिना पाचशे. चौथ्या मजल्यावर, आमच्या दारातल्या चपलांच्या रॅकवर ठेवलेल्या चारचाकीचे.

‘काठ्यांचं काही लावत नाही,’ ते म्हणाले. ‘घरचा आहेस.’

काल संध्याकाळी वॉचमन स्टिकर घेऊन आला. चारचाकीचा एकच स्टिकर मिळतो, आणि नग दोन. त्याने जरा विचार केला, कात्री मागितली आणि स्टिकर मधोमध कापला. डाव्या स्कीवर ‘चार’ लावलं, उजव्यावर ‘चाकी’.

आज पहाटे उपवनला धो धो पाऊस होता. परत आलो तर ‘चाकी’ निघून गेलेलं. वॉचमनने फाटकाशी वाकून बघितलं, डावा पाय आत घेतला आणि उजव्यासाठी काकांना फोन लावला.